माशांआधी एक कोलंबी

डोंबिवलीच्या मासळी बाजारात नेहमीच्या मावशींकडे मी एकच कोलंबी मागितली, तेव्हा त्या बघतच राहिल्या. "एका कोलंबीचं काय करणार गं?" कुजवायचीय म्हटल्यावर त्यांनी पैसेच घेतले नाहीत. घरी येऊन ती मलमलच्या तुकड्यात सैल बांधली आणि खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत सोडली.

गेल्या वर्षी मासे सोडण्याआधी मी अशी वाट पाहिली नव्हती. मिठाचं पाणी दोन दिवस फिरू द्या आणि मासे सोडा, असं दुकानदाराने सांगितलं आणि मी ऐकलं. क्लाउनफिशची जोडी आणली. चौथ्या दिवशी दोघं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले, पाचव्या दिवशी सकाळी दोघंही गेले. लेक शाळेच्या गणवेशात टाकीसमोर उभी होती. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून मला काहीच कळलं नव्हतं. माशांच्या स्वतःच्याच विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटलेल्या अमोनियाने त्यांचे कल्ले भाजले होते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. गोड्या पाण्याच्या टाकीत एकवेळ निभावतं, इथे नाही.

म्हणून या वेळी आधी जिवाणू, मग मासे. कुजणाऱ्या कोलंबीतून अमोनिया सुटतो, आणि तो खाऊनच जिवाणू वाढतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात त्या नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करते. टाकी अडीच फुटी. दगड घातल्यावर साधारण १०० लिटर पाणी बसतं. आरओचं पाणी, त्यात पावणेचार किलोच्या आसपास मरीन सॉल्ट, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५. दगड कोरडेच घेतले. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रातून उचललेला प्रवाळांचा दगड मला घरात नकोच होता. पण कोरड्या दगडावर जिवाणू जवळजवळ नसतातच. माझ्या ओळखीच्या एका काकांची खाऱ्या पाण्याची जुनी टाकी आहे, त्यांच्या फिल्टरमधल्या, जिवाणू वसलेल्या मूठभर सिरॅमिक रिंगा ओल्याच डब्यात घालून आणल्या. विरजणच ते. दुधात कवडी दही घालावं, तसं.

सहाव्या दिवशी झाकण उघडलं की वास यायला लागला. टेस्ट किटची नळी पिवळ्याची गडद हिरवी झाली. अमोनिया २ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर. कोलंबी काढून टाकली. बाराव्या दिवशी नायट्राइटची नळी जांभळी झाली, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडूनच सगळ्यांना बोलावलं. म्हणजे पहिल्या जातीच्या जिवाणूंनी अमोनिया खायला सुरुवात केली होती. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य.

खरी परीक्षा त्यापुढे होती. नायट्राइट खाणारे जिवाणू सावकाश वाढतात, शिवाय त्यांचं खाणं तयार झाल्यावरच त्यांची वस्ती सुरू होते. दोन आठवडे नळी जांभळीच्या जांभळी. मधेच दगडांवर तपकिरी थर चढला. तो डायटम शेवाळाचा, नव्या टाकीत येतोच, मी हात लावला नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी रोज सकाळी भरायचे, तेही साध्या आरओचं. मीठ उडून जात नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलं की खारटपणा वाढत जातो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नका, ही माझी कळकळीची विनंती. नळाच्या क्लोरीनने महिन्याभराची वस्ती धुऊन जाते.

छत्तिसाव्या दिवशी नायट्राइट शून्य आलं, आणि नायट्रेटची नळी लालभडक. तरीही लगेच विश्वास ठेवला नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण मोजून घातलं, अमोनिया २ पीपीएमवर नेला आणि घड्याळ लावलं. २४ तासांनी दोन्ही नळ्या पाहिल्या. अमोनियाची पिवळी, नायट्राइटची फिकट निळी. दोन्ही शून्य. मग साचलेला नायट्रेट उतरवायला निम्मं पाणी बदललं.

रविवारी क्लाउनफिशची दोन पिल्लं आणणार आहोत, टाकीतच जन्मलेली. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास झाली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारणच नाही. पहिला महिना दोघंच राहतील. मासे येईपर्यंत जिवाणू उपाशी राहायला नकोत, म्हणून रोज संध्याकाळी अमोनियाचे मोजके थेंब द्यावे लागतात. आज ते लेकीने मोजले, ओठ हलवत, एकेक करून.