पद्मिनीच्या बॉनेटखालचा रंग

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, अजून डोक्यातनं जात नाही. आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज सांगली-मिरज रोडला. तासगावचे एक तात्या वडलांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले, पांढरी. म्हणाले, "मिस्त्री, जुनं पेंट टणक हाय, नुसतं घासून वरनं मारा." मी पण बघितलं, कुठं पोपडा नाही, मॅग्नेट फिरवला तर सगळीकडं चिकटतोय, म्हणजे खाली लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर नाहीत. आधी क्लीनरनं पुसून घेतलं (हे घासायच्या आधीच करायचं, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यात बसतं आणि नवीन पेंटला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात), 320 चा पेपर फिरवला, बॉनेटवर टू-के प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा अस्तराचा रंग) मारला आणि चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर सगळ्या बॉनेटवर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या.

वरचा पांढरा रंग एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, होता. एनसी कितीही जुना होऊ दे, थिनर लागला की परत मऊ होतो, प्रायमरमधल्या थिनरनं तो उचलला. थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरला असता तर रंग कापडाला लागला असता आणि तिथंच कळलं असतं. वीस वर्षं करतोय हे, त्या दिवशी नेमकं केलं नाही. तात्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं, जादा पैसे घेणार नाही म्हणालो.

मग रिमूव्हर लावून पत्र्यापर्यंत खरवडलं. पावसाळी हवेत उघडा पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस पडतो म्हणून लगेच इपॉक्सी प्रायमर मारला. पण त्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला थिनरचा बोळा लावून बघितला, आता शिकलो होतो ना. पांढरा निघाला, त्याखाली निळा, तो पण निघाला, आणि मग फिकट पिस्ता लागला तो मात्र हलेना. कंपनीतनं भट्टीत भाजून आलेला रंग, थिनरला दाद देत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या आले, बॉनेटखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "आबा शाळेत सोडायचे तवा हीच होती ओ गाडी. पांढरा नको. ह्योच मारा."

तो तळहाताएवढा तुकडा मी मास्किंग टेप लावून राखला, हलका पॉलिश करून त्यावरनंच शेड जुळवली. तेवढा घासला नाही, अजून तसाच आहे, बॉनेट उघडलं की दिसतो.