‘तुमचा’ हा एक शब्द

मुलीच्या अकरावीच्या अमेरिकन साहित्याच्या वर्गात सध्या मत पटवून देणारे लेखन शिकवत आहेत, म्हणून आज रात्री आम्ही दोघींनी फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे झालेले भाषण मोठ्याने वाचले. गुलामगिरीतून निसटलेला हा वक्ता आधी राष्ट्रसंस्थापकांचा गौरव करतो, श्रोत्यांना जवळ आणतो आणि मग हा ४ जुलैचा अमेरिकन स्वातंत्र्यदिन तुमचा आहे, माझा नाही, असे सांगून त्यांच्याच तत्त्वांच्या आधारे त्यांना जाब विचारतो. ‘तुमचा’ हा शब्द त्याने किती जाणीवपूर्वक योजला आहे, हे तिने स्वतः हेरले, याचा मला फार आनंद झाला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे मी सांगितले, तेव्हा तिने वहीचे नवे पान उघडले.