राजपुत्राला लढाईवर पाठवावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीत येतो: शेतकऱ्याचा पोरगा आघाडीवर मरतो, मग राजाच्या पोराला वेगळा न्याय का? त्यावर लगेच कुणीतरी म्हणतं, अहो, पण तो शत्रूच्या हाती लागला तर? दोघंही राजपुत्राकडेच बघत असतात. बघायला हवं त्याच्या शेजारी बसलेल्या शिपायाकडे. राजपुत्र आल्यामुळे त्या शिपायाचा धोका वाढतो का? ब्रिटिश लष्कराने प्रिन्स हॅरीच्या बाबतीत पाच-सहा वर्षांत तीन वेगवेगळे निर्णय घेतले, ते या एका कसोटीवर लावून बघा.

पहिला निर्णय नकाराचा. एप्रिल २००६ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडून हॅरी ब्लूज अँड रॉयल्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये गेला. घोडे आता फक्त समारंभापुरते. प्रत्यक्षात तेव्हा होती सिमिटार नावाची टेहळणीची चिलखती गाडी. वजन साधारण ८ टन, आत ३ माणसं, वर ३० मिलिमीटरची तोफ. अशा ४ गाड्या म्हणजे एक ट्रूप, आणि त्या ट्रूपचा तो प्रमुख. चिलखत ॲल्युमिनियमचं, म्हणजे बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे अडतात. रस्त्यात पुरलेल्या मोठ्या बाँबपुढे ते टिकत नाही. शिवाय टेहळणी करायची म्हणजे गाडीच्या प्रमुखाला झाकण उघडून डोकं बाहेर काढावंच लागतं.

तो इराकला जाणार हे फेब्रुवारी २००७ मध्ये जाहीर केलं गेलं. चूक झाली ती इथेच. एप्रिलमध्ये मेसान प्रांतात अशाच एका सिमिटारखाली बाँब फुटून दोन सैनिक गेले. बाँब पुरणाऱ्याला हॅरी कुठल्या गाडीत आहे हे कळायची गरजच नव्हती, दिसेल ती सिमिटार उडवली की झालं. म्हणजे एका नावापायी इतर अकरा जणांच्या जिवावर बोली लागली असती. १६ मे रोजी लष्करप्रमुख जनरल डॅनट यांनी बेत रद्द केला. तेव्हा ‘लाडावलेला’ म्हणून हॅरीची टिंगल झाली, पण तो निर्णय त्याच्यासाठी कमी आणि ट्रूपसाठी जास्त होता.

दुसरा निर्णय गुपचूप पाठवण्याचा. डिसेंबर २००७ मध्ये तो अफगाणिस्तानातल्या हेलमंदमध्ये, गरमसीरच्या ठाण्यावर गेला. सोबत गुरखा पलटण, आणि काम फॉरवर्ड एअर कंट्रोलरचं, म्हणजे जमिनीवरून विमानाला लक्ष्य सांगण्याचं. हे काम जरा नीट समजून घ्या. वर विमान घिरट्या घालतंय, त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र खाली पडद्यावर दिसतंय. वैमानिकाला ठरलेल्या क्रमाने नऊ गोष्टी सांगायच्या: कुठून सुरुवात करायची, दिशा, अंतर, लक्ष्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, लक्ष्य काय आहे, त्याचे नकाशावरचे अंक, ते ओळखायचं कसं, आपली माणसं कुठे आहेत आणि परत कुठून फिरायचं. उंची आणि नकाशाचे अंक वैमानिक उलट वाचून दाखवतो. ते जुळले तरच ‘क्लिअर्ड हॉट’, म्हणजे ‘टाक बाँब’, म्हणायचं. एक अंक चुकला तर काय होतं? डिसेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानातच एका अमेरिकी तुकडीने जागेचे अंक दाखवणाऱ्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली. यंत्र पुन्हा सुरू झालं ते स्वतःचीच जागा दाखवत. तेच अंक वर गेले आणि बाँब आपल्याच माणसांवर पडला. तेव्हा हे शोभेचं पद नव्हे.

पण हॅरीसाठी यात एक सोय होती. वर ऐकू जातो तो फक्त आवाज आणि ‘विडो सिक्स सेव्हन’ हे सांकेतिक नाव. चेहरा कुणाला दिसत नाही. ब्रिटिश वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनीही मुलाखती आणि चित्रणाच्या बदल्यात गप्प राहायचं कबूल केलं होतं. कराराला भोक होतं ते एकच, तो फक्त ब्रिटिशांना बांधील होता. जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन साप्ताहिकाने बातमी छापली, ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. २८ फेब्रुवारी २००८ ला एका अमेरिकी संकेतस्थळाने तीच दिली आणि जगभर बोंब झाली. दुसऱ्याच दिवशी त्याला हलवायचं ठरलं. दहा आठवडे झाले होते. ठाण्यापासून तालिबानचे खंदक अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. पत्ता फुटल्यावर उखळी तोफांचा मारा काही एकट्या हॅरीवर झाला नसता, गुरख्यांवरही झाला असता.

तिसऱ्या वेळी, सप्टेंबर २०१२ मध्ये, लपवाछपवी केलीच नाही. कारण जागा बदलली होती. आता तो अपाची हेलिकॉप्टरच्या पुढच्या आसनावर, शस्त्रं चालवणारा सहवैमानिक. अपाचीत दोनच माणसं. ही हेलिकॉप्टरं हेलमंदमधल्या कॅम्प बॅस्टियन या अवाढव्य तळावरून उडायची आणि खालून बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसायची. त्याला मारू असं तालिबानने जाहीर केलं होतं आणि १४ सप्टेंबरला तळावर हल्लाही झाला. दोन अमेरिकी मरीन गेले, सहा हॅरियर विमानं जळाली. मात्र नंतर दोन अमेरिकी जनरलना घरी जावं लागलं ते तळाच्या बंदोबस्तातल्या ढिलाईमुळे. हॅरीने सुमारे २० आठवड्यांची पाळी पूर्ण केली.

२०२३ मध्ये त्याने आत्मचरित्रात आपण २५ जण मारल्याचा आकडा छापला, ते मात्र मला पटलेलं नाही. माजी अधिकाऱ्यांनीच कान उपटले, आणि बरोबर केलं.

जहाजाचं गणित सोपं असतं. पुढे सहावा जॉर्ज झालेला राजपुत्र १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत ‘कॉलिंगवुड’ युद्धनौकेच्या तोफ-बुरुजात होता. आत कोण आहे हे बघून गोळा येत नाही, आणि जहाज बुडालं तर सगळ्यांसकटच बुडतं. त्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे गादीच्या वारसाला, खंदकात जायचं होतं, युद्धमंत्री किचनरने अडवलं. मरण्यापेक्षा तो पकडला जाण्याची भीती मोठी होती. वारसाच्या बाबतीत माझंही मत तेच आहे. आपल्याकडे पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले तेव्हा भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. वारसाला फौजेचं निशाण करून उभं केलं की फौजेची हिंमतही त्याच्या जिवाला बांधली जाते.

शेजारच्या माणसाचं काय होतं हे मात्र सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९ च्या झुलू युद्धात. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनचा मुलगा इंग्रजी फौजेबरोबर गेला होता, अधिकृत हुद्द्याशिवाय, निव्वळ हौसेने. १ जूनला टेहळणीला निघताना सोबत यायचे ते सहा बासुटो जमातीचे स्वार आलेच नाहीत. त्यांच्यासाठी थांबणंही झालं नाही. राजपुत्र, लेफ्टनंट कॅरी, सहा स्वार आणि एक वाटाड्या एवढेच निघाले. दुपारी एका ओसाड वस्तीत खोगिरं उतरवली, पहारा ठेवला नाही. झुलू तुटून पडले. घोड्यावर झेपावताना राजपुत्राच्या हातातला खोगिराचा पट्टा तुटला. तो मेला, दोन स्वार आणि वाटाड्याही मेले. तुकडी कुणाच्या हुकमात होती? कागदावर कॅरीच्या, पण खोगीर कसायचा हुकूम दिला राजपुत्राने. लष्करी न्यायालयात उभा राहिला कॅरी. निकाल पुढे लंडनमध्ये रद्द झाला, कपाळावरचा डाग गेला नाही. १८८३ मध्ये तो कराचीत वारला.

म्हणून माझी पहिली अट हुद्द्याची: राजपुत्र पाहुणा नको, हुकूम घेणारा किंवा देणारा हवा. जयपूरचे महाराजा सवाई भवानीसिंह १९५१ पासून फौजेत होते. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून १० पॅरा या छत्रीदलाच्या पलटणीचे कमांडो जीपमधून घेऊन ते सिंधमध्ये छाछरोवर चालून गेले आणि महावीर चक्र मिळवलं. त्याच महिन्यात २६ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ‘महाराजा’ हा किताब कायद्याने संपला. हुद्दा तेवढा राहिला.