भांडण एकीशी, फोटो सगळ्या घराचा

फेसबुकवर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाशी वाद घालायचा असेल तर घाला, अगदी हातघाईवर या, माझं काही म्हणणं नाही. पण भांडता भांडता समोरच्याच्या घराचा फोटो टाकायचा, बिल्डिंगचं नाव, विंग, मजला लिहायचा आणि खाली "ही बघा इथे राहते" असं लिहून मोकळं व्हायचं, हे जे हल्ली सर्रास सुरू झालंय ना, त्याचा मला प्रचंड संताप येतो. गेले काही महिने हे डोक्यात घोळतंय, कारण आमच्याच घरातल्या एकीवर हे ओढवलं.

माझी मामेबहीण. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ती त्यांच्या सोसायटीच्या मागच्या गेटजवळ भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालते, त्यांची नसबंदी पण तिने स्वतःच्या खर्चाने करून घेतलीये. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश आला, ११ तारखेला आला आणि २२ला तो बदलला, त्या दिवसांत आठवतंय ना प्रत्येक शहराच्या ग्रुपवर काय चाललं होतं, अर्धे लोक कुत्र्यांच्या बाजूने आणि अर्धे विरुद्ध, आणि मधे कुणी बोललं की दोन्हीकडून शिव्या. तिच्या शहराच्या ग्रुपवर पण तेच. एका बाईंच्या मुलाला कुत्रा चावला होता, पोराला इंजेक्शनं घ्यावी लागली होती, त्या चिडलेल्या होत्या आणि त्यांचं चिडणं मला शंभर टक्के पटतं. हिने त्यांना जरा तिखट उत्तर दिलं, त्यांनी त्याहून तिखट दिलं. दोघींचं भांडण खरं होतं. आणि त्यावर मार्ग पण होता, २०२३च्या एबीसी रूल्समध्ये, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबद्दलच्या केंद्राच्या नियमांमध्ये, स्पष्ट लिहिलंय की खायला घालण्याची जागा सोसायटीने ठरवून द्यायची आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब असली पाहिजे. शांत डोक्याने मीटिंग घेतली असती तर मिटलं असतं.

पण मधे तिसराच कोणीतरी आला. ना त्याला कुत्रा चावलेला, ना तो कुत्र्यांना खायला घालणारा. फेक प्रोफाइल, डीपीला फुलाचा फोटो. त्याने हिच्या फ्लॅटच्या दरवाज्याचा फोटो कमेंटमध्ये टाकला आणि लिहिलं, "हीच ती, ज्यांना जाऊन विचारायचंय त्यांनी विचारा."

तो फोटो मी नंतर नीट झूम करून बघितला. नावाची पाटी, त्यावर सासऱ्यांचं नाव आणि खाली त्यांचं रिटायरमेंटच्या आधीचं पद, म्हणजे घरात म्हातारी माणसं आहेत हे कळलं. सेफ्टी डोअरच्या जाळीला अडकवलेली काठी, म्हणजे त्यातल्या एकाला चालायला त्रास होतो. शू रॅकवर लहान मापाचे पांढरे कॅनव्हासचे बूट. बाजूला खिळ्याला शाळेची बॅग, आणि बॅगेवर शाळेचं नाव छापलेलं, वाचता येईल इतकं स्पष्ट. कडीला दुधाची पिशवी अजून तशीच, म्हणजे फोटो सकाळी सकाळी काढलाय, कुणी दार उघडायच्या आत. दाराच्या वर कॅमेरा नाही हे पण दिसतंय. बघणाऱ्याला काय काय मिळालं बघा, फ्लॅट नंबर, आडनाव, दोन म्हातारी माणसं, एक लहान मूल, ते कुठल्या शाळेत जातं. यातल्या कुणाचाही त्या भांडणाशी काडीचा संबंध नाही. मामेबहिणीचं स्वतःचं असं तर त्या फोटोत काहीच नव्हतं, तिची चप्पलसुद्धा नव्हती.

मग जे व्हायचं ते झालं. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं यायला लागली, कुणी मागवली पत्ता नाही, डिलिव्हरीवाली पोरं दारात उभी राहून पैसे मागणार आणि सासूबाई त्यांना समजावत बसणार की अहो आम्ही मागवलेलंच नाही, त्या पोरांचा तरी काय दोष, त्यांची पण फेरी फुकट. रात्री बेल वाजवून पळून जायचे. एकदा दोघं जण आले आणि सासऱ्यांना म्हणाले, सुनेला समजवा. ऐंशीच्या घरातला माणूस, त्यांना फेसबुक म्हणजे काय हे पण धड माहीत नाही, ते बिचारे त्या दोघांना आत बसा, पाणी घ्या म्हणाले. सासूबाईंनी नातवाला खाली खेळायला पाठवणं बंद केलं. आणि या सगळ्यात ज्या बाईंशी भांडण झालं होतं ना, त्यांनीच पहिल्यांदा फोन करून सांगितलं की हे मी केलेलं नाही आणि मला हे अजिबात आवडलेलं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आज आदर आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मत एका माणसाचं असतं आणि घर सगळ्यांचं असतं. माणसाने काय लिहिलं त्याबद्दल त्याला धारेवर धरा, त्याचं लिखाण खोडून काढा. घर मधे आलं की ज्यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही त्यांना शिक्षा सुरू होते.

आपल्या महाराष्ट्राने हे फार लवकर बघितलंय. २०१२ सालचा नोव्हेंबर, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर एका मुलीने फेसबुकवर पोस्ट लिहिली आणि दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली हे सगळ्यांना आठवतं. त्याच प्रकरणातून पुढे २४ मार्च २०१५ला सुप्रीम कोर्टाने आयटी अॅक्टचं ऑनलाइन आक्षेपार्ह लिखाणाला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं, हे पण बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या पोस्टवरून चिडलेल्या जमावाने तिच्या काकांचं हाडांचं हॉस्पिटल फोडलं होतं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. काकांनी काय लिहिलं होतं? काहीच नाही. पेशंटनी काय लिहिलं होतं? पालघरसारख्या छोट्या गावात कोण कुणाचं हे सगळ्यांना माहीत असतं, पत्ता शोधावा लागत नाही. आता मोबाईलमुळे मुंबई, पुणे, नागपूर पण त्या बाबतीत तेवढीच छोटी झालीयेत.

यावर लगेच एक उत्तर येतं, मला पण आलं, की "पत्ता तर पब्लिकच असतो, त्यात काय एवढं". हो, असतो. मतदार यादी डाउनलोड करा, नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक सगळं आहे. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चला जाऊन इंडेक्स टू काढा, फ्लॅट कुणी कुणाकडून केवढ्याला घेतला ते दिसतं. सातबारा ऑनलाइन आहे. जुलै २०२२ मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होतं, म्हणजे गेटचा फोटो पण घरबसल्या. पण हे सगळं जाहीर ठेवण्यामागे काहीतरी कारण आहे ना? मतदार यादी जाहीर असते कारण बोगस नाव कुणीही पकडू शकावं. इंडेक्स टू बघता येतो कारण एकच फ्लॅट दोघांना विकला जाऊ नये. चिडलेल्या हजार लोकांच्या हातात एका बाईचं दार द्यायला ते जाहीर केलेलं नाही. तीच माहिती, पण भांडणाच्या मधोमध टाकली की तिचं काम बदलतं.

केरळमध्ये हे धडधडीत घडलंय. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती नोटीस तिकडे सरकारी वेबसाइटवर टाकली जायची, फोटो आणि पत्त्यासकट. लोकांनी आंतरधर्मीय जोडप्यांच्या त्या नोटिसा उचलल्या आणि सोशल मीडियावर फिरवल्या. २०२० मध्ये सरकारला त्या वेबसाइटवर टाकणं बंद करावं लागलं. कागद कायदेशीर होता, पण तो फिरवणाऱ्यांचा हेतू काय होता ते सांगायला नको. आणि गंमत म्हणून नाही, खरंच महत्त्वाचं म्हणून सांगते, फेसबुकच्या ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे त्यांच्या निर्णयांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने, फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, नेमकं हेच सांगितलं की घराचा पत्ता आधीच पब्लिक आहे म्हणून तो टाकायला दिलेली सूट काढून टाका, आणि मेटाने ते मान्य केलं. तेव्हा "पब्लिकच आहे" हे कारण आता फेसबुक स्वतःसुद्धा धरत नाही.

सेलिब्रिटींच्या बाबतीत तर आपण पार सोडूनच दिलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट आपल्या घरात हॉलमध्ये बसलेली असताना समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले, तिने मुंबई पोलिसांना टॅग करून लिहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या बांधकाम चालू असलेल्या घराचा व्हिडिओ फिरला तेव्हा तिला परत सगळ्यांना हात जोडावे लागले की डिलीट करा, फॉरवर्ड करू नका. खाली कमेंट काय, तर एवढे पैसे आहेत तर पडदे लाव. घराच्या आतला फोटो काढणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, पडदे कुणी लावायचे हे मात्र सांगतात.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं पण तेच. चोरी होऊ नये म्हणून मेंटेनन्समधून कॅमेरे लावले आणि आता कमिटीतल्या कुणाशी कुणाचं वाजलं की लिफ्टमधलं फुटेज ग्रुपवर, कोणाकडे कोण किती वाजता आलं. ते फुटेज सेक्रेटरीच्या मालकीचं नसतं हो. एकाच घरातल्या दोन भावांच्या भांडणात सुद्धा कलकत्ता हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की बरोबर राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे लावता येणार नाहीत, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. भावाभावात जर हे चालत नाही तर चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने काय म्हणून सहन करायचं?

आता कायदा. २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. ऐकायला फार छान वाटतं, पण मामेबहीण पोलीस स्टेशनला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, फोटो दरवाज्याचा आहे ना, तुमचा नाही ना?" कारण पत्ता किंवा घराचा फोटो टाकला एवढ्यासाठी आपल्याकडे वेगळा गुन्हाच नाही. आयटी अॅक्टचं ६६ई आहे ते शरीराच्या खाजगी भागांच्या फोटोंबद्दल. डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माणसाने माहिती वापरली तर तो लागू होत नाही, आणि कायद्यानेच जाहीर करावी लागलेली माहिती पण त्याच्या बाहेर. ही फट बुजवलीच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. तोपर्यंत धमकी आली असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३५१ आहे, निनावी धमकीला त्यात जास्त शिक्षा आहे, आणि बाईला नको म्हणूनही कुणी पुरुष परत परत संपर्क करत असेल, तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवत असेल तर ७८. तिच्या बाबतीत ते दोघं जण दारात येऊन गेले होते, ते लिहून दिल्यावर मग तक्रार घेतली.

यातून जात असाल तर आधी पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि प्रोफाइलचं नाव दिसलं पाहिजे, लिंक वेगळी कॉपी करून ठेवा, आणि मगच रिपोर्ट करा, कारण पोस्ट उडाली की पुरावा पण उडाला. रिपोर्ट करताना खाजगी माहिती उघड केल्याचा पर्याय निवडा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार घाला, तिचा नंबर जपून ठेवा. आलेली पार्सलं घेऊ नका, पण त्यावरचं लेबल दिसेल असा फोटो काढा, ऑर्डर कुठल्या नंबरवरून झाली ते त्यावरून निघू शकतं. स्ट्रीट व्ह्यूमधलं घर गुगलला सांगून ब्लर करता येतं, मात्र एकदा केलं की परत काढता येत नाही. आणि स्वतः घराचे फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका, त्यात लोकेशनची माहिती तशीच जाते, साधा फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते.

मला जास्त बोलायचंय ते ग्रुप अॅडमिनशी. त्या ग्रुपवर तो फोटो संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. अॅडमिन लग्नाला गेले होते म्हणे. चाळीस-पन्नास हजार लोकांचा ग्रुप चालवताय तर तुम्ही गावाला गेलात तरी दुसरं कुणीतरी बघणारं असलं पाहिजे, आणि नियमांमध्ये एक ओळ घाला की कुणाचाही पत्ता, दार, गाडीचा नंबर, मुलांची शाळा टाकली तर पोस्ट तिथल्या तिथे जाईल आणि टाकणारा पण जाईल, मग तो वादात कुणाच्याही बाजूचा असो. तुमच्या बाजूचा असेल तर आधी.

आणि बाकीचे जे नुसतं बघत होते, त्या फोटोखाली "हे चुकीचं आहे" असं लिहिणारे चांगले लोक पण पुष्कळ होते, पण प्रत्येक कमेंटने तो फोटो आणखी वर येत गेला. असा फोटो दिसला तर खाली काही लिहू नका. स्क्रीनशॉट काढा, रिपोर्ट करा, अॅडमिनला फोन लावा, आणि ज्याचं घर आहे त्याला लगेच कळवा, कारण बऱ्याचदा त्याला बेल वाजेपर्यंत माहीतच नसतं.