बावीस नंबरची मादी

गेल्या मंगळवारचं आहे, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी गोव्यात कीटक संग्राहक म्हणून काम करतो. लोकांना वाटतं आम्ही फॉगिंगवाले, पण धूर सोडणारी माणसं वेगळी. आमचं काम पहाटे सहाला गोठ्यात शिरून, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बसलेला डास तोंडाने ओढायच्या नळीत घ्यायचा, तोही पाय न मोडता. करमळीच्या तळ्याजवळच्या त्या गोठ्यातली आजी दर वेळी विचारते, "जळारां धरून कितें करता रे पुता?" आणि मी दर वेळी सांगतो, वय बघतो.

खरंच वय बघतो. मलेरियाचा जंतू मादीच्या पोटात तयार व्हायला साधारण दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे कोवळी मादी निरुपद्रवी, धोका म्हातारीचा. वय कळतं अंडाशयावरून. मादी सलाइनच्या थेंबात ठेवून सुईने शेपटाकडचे शेवटचे दोन खंड हळूच ओढायचे, अंडाशय डिस्टिल्ड वॉटरमध्ये घेऊन स्लाइडवर वाळवायचे. त्यावरच्या श्वासनलिकांच्या गुंडाळ्या घट्ट असतील तर तिने एकदाही अंडी घातलेली नाहीत, उलगडल्या असतील तर घातलीत. हात थरथरला की गेलं. मला हे चांगलं जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

त्या दिवशी बावीस नंबरच्या मादीच्या (अॅनोफिलिस सबपिक्टस, मलेरियाच्या डासांतली एक जात) पोटाला तीन लाल मणी चिकटलेले. शेजारचा टेक्निशियन म्हणाला अंडी आहेत, पुसून टाक. इतकी वर्षं डास बघून माणूस असं कसं म्हणतो? अॅनोफिलिसची अंडी पाण्यावर असतात, पोटाला चिकटत नाहीत. ती वॉटर माइटची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जीवाची पिल्लं होती, सहा पायांची. पाण्यातल्या अंड्यातून निघाली की ती डासाचा कोष शोधून त्याला धरून बसतात, डास बाहेर पडला की त्याच्यावर चढतात आणि कातडीत तोंड खुपसून अंगातला रस पितात. पोट भरलं आणि मादी अंडी घालायला पाण्यावर आली की सुटून पाण्यात उतरतात. मग पाय आखडून निपचित, मग आठ पायांची शिकारी, पुन्हा निपचित, आणि मग मोठा माइट. मोठे मी तळ्याच्या पाण्यात बघितलेत, अरेन्युरस नावाच्या वॉटर माइटचे. नराच्या मागे शेपटासारखा भाग असतो, मादीला त्यावर चिकटवून घेऊन तो हिंडत असतो, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जातींत नर शुक्राच्या पुड्या तळाला ठेवून मादीला त्यांवर नेतो.

म्हणून आमच्यात जुना ठोकताळा आहे की माइट दिसला तर मादी कोवळी, ती अजून पाण्यावर गेलेलीच नाही.

पण बावीस नंबरच्या गुंडाळ्या उलगडलेल्या होत्या. तीनदा बघितलं, दुसऱ्या मायक्रोस्कोपवर बघितलं, उलगडलेल्याच. मग हे तिघे उतरले का नाहीत? पोट भरलं नव्हतं म्हणून? की अॅनोफिलिसच्या माद्या कधीकधी पाण्याला न टेकता वरून उडत उडतच अंडी टाकतात, तशी हिने टाकली आणि यांना पाणी लागलंच नाही? नुसता माइट बघून कोवळी म्हणून बाजूला ठेवली असती तर एक म्हातारी मादी हिशोबातून सुटली असती, याचाच मला त्रास होतोय.

फॉर्ममध्ये माइटचा रकाना नाही. साहेब म्हणाले शेऱ्यात उगाच काही लिहू नकोस, वरून प्रश्न येतात. मला वाटतं प्रश्न यायलाच हवेत, म्हणून तीन माइट आणि उलगडलेल्या गुंडाळ्या, दोन्ही लिहिलं आणि स्लाइड डब्यात ठेवली.

मणी लागलेला पोटाचा तुकडा तळ्याचं पाणी घालून बशीत ठेवलाय. संध्याकाळपर्यंत एक सुटून तळाला गेला होता, सकाळी बघितलं तर पाय आखडून पडलेला. बाकी दोन अजून चिकटलेलेच आहेत.