पिवळी पिलं कशासाठी जपायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "जन्मतःच दोष असलेले उंदीर प्रयोगशाळेत मुद्दाम सांभाळतात, त्या दोषासकट त्यांच्या पिढ्या वाढवतात. हे कशासाठी? निरोगी उंदरांवर भागत नाही का?" मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे वर्गात हा प्रश्न येतोच, आणि लग्नाच्या पंगतीतही येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात कणव असते, कधी राग असतो. मला दोन्ही रास्त वाटतात, म्हणून दोन वाक्यांत उरकत नाही.

एकाच जातीच्या उंदरांविषयी सांगते, कारण त्यांचं काम आपल्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत पोचलेलं आहे. बाळ जन्मलं, दोन-तीन दिवसांनी अंग पिवळं दिसू लागलं, डॉक्टर म्हणाले "लाइटखाली ठेवू", आणि डोळ्यांवर पट्टी लावलेलं उघडं बाळ निळ्या दिव्यांखाली झोपलेलं घरच्यांनी काचेतून पाहिलं. हे ज्यांच्या घरी घडलं, त्यांच्यावर गन उंदरांचे उपकार आहेत.

१९३४ साली टोरंटोच्या कॉनॉट लॅबोरेटरीजमध्ये विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांमध्ये काही पिलं जन्मल्यावर लगेचच पिवळी पडलेली दिसली. अशी पिलं काढून टाकायची, म्हणजे बाकीचे उंदीर एकसारखे राहतात, हा सगळीकडचा सोपा मार्ग. गन नावाच्या संशोधकांनी ती ठेवली, त्यांची वीण लावली आणि १९३८ मध्ये निष्कर्ष छापला: ही कावीळ आनुवंशिक आहे. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच पिलू पिवळं होतं. एकाकडूनच आला तर पिलू धडधाकट दिसतं, पण दोष पुढे नेतं. म्हणून पिवळा नर आणि अशी वाहक मादी अशी जोडी लावली की सरासरी निम्मी पिलं पिवळी निघतात. उरलेली निम्मी त्याच विणीतली, त्याच आईच्या दुधावरची निरोगी भावंडं. तुलनेसाठी याहून चांगला गट मिळणं अवघड.

या उंदरांच्या शरीरात नेमकं काय कमी आहे? जुन्या लाल पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तावाटे बाहेर पडतं. गन उंदरात हे एन्झाइम चालत नाही, असं १९५७ च्या सुमारास कळलं. पुढे जनुकापर्यंत पोचल्यावर दिसलं की त्यात डीएनएचं फक्त एक अक्षर गळलेलं आहे. त्यापुढचा सगळा मजकूर सरकतो आणि एन्झाइम अर्धवट राहतं.

माणसातही हा दोष असतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या क्रिग्लर आणि नज्जर या डॉक्टरांनी १९५२ मध्ये जन्मापासून तीव्र कावीळ असलेल्या बाळांचं वर्णन केलं. हा आजार फार विरळा. पण साध्या, निरोगी नवजात बाळातही हेच एन्झाइम सुरुवातीला मंद असतं, म्हणून इतकी बाळं पिवळी दिसतात आणि बहुतेकांची कावीळ एक-दोन आठवड्यांत आपोआप उतरते. गन उंदराची मात्र जन्मभर उतरत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरची एक तुलना प्रसिद्ध केली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी काही बाळांना पेनिसिलिनबरोबर सल्फा गटातलं औषध दिलं होतं, काहींना ऑक्सिटेट्रासायक्लिन. सल्फा मिळालेली बाळं जास्त दगावली, आणि त्यांच्या मेंदूत बिलिरुबिन साचलेलं सापडलं. त्यांच्या रक्तातलं बिलिरुबिन काही वाढलेलं नव्हतं. मग मेंदू पिवळा कशाने झाला? त्यावर आणखी बाळांत प्रयोग करणं अशक्य होतं, करूही नये. १९५९ मध्ये लोइस जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी गन उंदराच्या पिलांना सल्फा दिलं. रक्तातलं बिलिरुबिन उतरलं आणि मेंदूची इजा वाढली. बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. सल्फा ती जागा बळकावतं, सुटं झालेलं बिलिरुबिन रक्तातून निघून मेंदूत शिरतं. म्हणजे रिपोर्टमधला आकडा चांगला दिसत असतानाच बाळाचा मेंदू खराब होत होता. नवजात बाळाला कोणतंही नवं औषध देण्याआधी "हे अल्ब्युमिनवरून बिलिरुबिन हटवतं का?" हा प्रश्न विचारण्याची शिस्त या धड्यातून आली.

त्या पिलांचं काय झालं, हे लपवायचं नाही. त्यांचे मेंदू इजा पावले, मुद्दाम इजा केली गेली. तरीही तो प्रयोग करायला हवा होता असं मी ठामपणे म्हणते, कारण त्या औषधाने बाळं मरत होती आणि कारण कुणाला ठाऊक नव्हतं.

निळ्या दिव्यांकडे येते. प्रकाशाने कावीळ उतरते हे उंदरामुळे कळलं नाही, ते श्रेय एका नर्सचं आहे. इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चांगल्या हवेच्या दिवशी अंगणात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं: अंगाचा उघडा भाग फिकट आणि चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळाधमक. त्यातून क्रेमर आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम प्रकाशाचा पाळणा बनवला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध छापला. पण प्रकाश शरीरात काय करतो, हे बरीच वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि उपाय लागू पडतो एवढ्यावर नवजात बाळांच्या बाबतीत थांबणं धोक्याचं.

इथे गन उंदराचा दोष कामी आला. ज्याच्या यकृतात बिलिरुबिन बाहेर टाकणारं एन्झाइमच नाही, त्याला प्रकाशाखाली ठेवल्यावर पित्तात बिलिरुबिन वाढलं, तर ते प्रकाशामुळेच. निरोगी उंदरात असं छातीठोक म्हणताच येणार नाही, कारण तिथे एन्झाइम आपलं काम करतच असतं. १९७१ मध्ये ऑस्ट्रो यांनी दाखवलं की प्रकाशात गन उंदराच्या पित्तातून आम्ल न जोडलेलं बिलिरुबिन बाहेर पडतं. ते कसं पडतं, ते १९८० च्या आसपास मॅकडोनाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं: निळा प्रकाश पडताच बिलिरुबिनच्या रेणूची घडी बदलते, आणि बदललेला रेणू एन्झाइमच्या मदतीवाचून यकृतातून पित्तात जातो. तो रेणू तुटावा लागत नाही, नुसता वळला तरी पुरतं.

यावरून एक सांगायलाच हवं. आपल्याकडे पिवळं बाळ कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे. विचार अगदी चुकीचा नाही, सिस्टर वॉर्डनी तेच पाहिलं होतं. पण उन्हातला निळा प्रकाश किती मिळाला हे मोजता येत नाही, बाळ गारठतं किंवा तापतं, आणि बिलिरुबिन खरोखर चढलेलं असेल तर तेवढ्यात मोलाचे तास जातात. बाळ पिवळं दिसलं, विशेषतः पहिल्या चोवीस तासांत, तर ते उन्हात धरत बसू नका, रक्ततपासणीला न्या.

क्रिग्लर-नज्जरचा तीव्र प्रकार असलेल्या मुलांना दिव्यांखालून सुटका नसते. रोज दहा-बारा तास, बहुधा रात्रभर, आणि वय वाढेल तसा प्रकाश कमी लागू पडतो. मग यकृताचं प्रत्यारोपण हाच मार्ग उरे. फ्रान्समधल्या जेनेथॉन संस्थेने निरुपद्रवी विषाणूमार्फत योग्य जनुक यकृतात पोचवायचा उपचार तयार केला. तो आधी गन उंदरांत तपासला, त्यांचं बिलिरुबिन उतरलं आणि उतरलेलं राहिलं. २०२३ मध्ये माणसांवरचे पहिले निष्कर्ष छापून आले: जास्त मात्रा मिळालेल्या तिघा रुग्णांना दिवे बंद करता आले. १९३४ ची ती पिलं कुणी काढून टाकली असती तर ही तपासणी कशावर करणार होते?

अशी आणखीही उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात ब्रॅटलबरो गावच्या प्रयोगशाळेत १९६१ मध्ये काही उंदीर अतोनात पाणी पिताना आढळले. त्यांच्यात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरकच तयार होत नव्हतं, आणि मूत्रपिंड पाणी कसं राखतं यातलं खूप काही त्यांच्यामुळे समजलं. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही १९९६ मध्ये विस्टार उंदरांतच आपोआप अतिलठ्ठ उंदीर निपजले. ते स्वतः वंध्य असतात, म्हणून त्यांच्या वाहक भावंडांमधून ती वीण चालवावी लागते.

राहिली कणव. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली १९९८ चे नियम आहेत, आणि संस्थेच्या नीती समितीच्या मंजुरीवाचून प्रयोग करता येत नाही. कागदावर हे नीट आहे. माझी स्वतःची कसोटी त्याहून कडक आहे. दोषासकट जन्मलेल्या प्राण्याला आधीच एक त्रास आहे, त्यामुळे त्याच्यावरचा प्रत्येक प्रयोग निरोगी प्राण्यावरच्या प्रयोगापेक्षा जास्त बारकाईने तपासायला हवा. आधीच कळलेली गोष्ट पुन्हा दाखवण्यासाठी, केवळ प्रबंधाची पानं भरण्यासाठी असा उंदीर वापरायचा प्रस्ताव आला, तर मी नाही म्हणते. विद्यार्थी नाराज होतात. त्यांना मी जॉन्सन यांचा १९५९ चा निबंध वाचायला देते आणि विचारते, तुमचा प्रश्न इतका निकडीचा आहे का? काही जण प्रस्ताव बदलून परत येतात.