शनिवारचा वर्ग: सगळ्यांच्या लॅपटॉपवर पायथन चालू झालं

कोथरूडच्या आमच्या वर्गातली आठवी-नववीची मुलं आता आपापल्या लॅपटॉपवर पायथन या भाषेत प्रोग्राम लिहायला लागली आहेत. घरचे लॅपटॉप कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. कुणाकडे विंडोज ११, कुणाकडे अजून विंडोज ७, एक तापकीर गल्लीतून आणलेला जुना, त्यावर उबंटू, म्हणजे लिनक्स. आणि एक मामाकडून आलेला, ज्याचा अॅडमिन पासवर्ड खुद्द मामालाच आठवत नाही.

अट एकच ठेवली होती: घरी, नेट नसताना, कोणाला न विचारता पोराला प्रोग्राम चालवता आला पाहिजे. कोड लिहायचा व्हीएस कोड हा एडिटर उत्तम आहे, पण या वयात त्याची खिडकीच अंगावर येते. शेवटी थॉनीवर शिक्कामोर्तब केलं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला हा एडिटर आहे. पायथन त्याच्या पोटातच येतं, त्यामुळे पायथन कुठे ठेवलंय ते विंडोजला सांगायची, म्हणजे पाथ वगैरे लावायची भानगड नाही. पायथन न बसवलेल्या विंडोज ११ वर कमांड खिडकीत पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि मुलं तिथेच गोंधळतात, तेही टळलं.

विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं काही बसत नाही. त्यासाठी थॉनीची ३.८ वाली ३२ बिटची आवृत्ती मिळते. मामाच्या लॅपटॉपवर पोर्टेबल झिप उलगडली, इन्स्टॉल करायची गरजच पडली नाही. उबंटूवर एपीटी या तिथल्या इन्स्टॉल करायच्या कमांडने बसवलं. बाकी सगळं एका पेनड्राइव्हवर आहे.

खरी मजा थॉनीच्या डीबगरमध्ये आहे, म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीने चालवून दाखवणाऱ्या सोयीत. एका मुलीने लिहिलं होतं: बेरीज = गुण१ + गुण२. एफ७ दाबत गेलं की त्या ओळीवर छोटी चौकट उघडते, गुण१ च्या जागी ३८ येतात, मग गुण२ च्या जागी ४१, आणि मग सगळं मिळून ७९. ती म्हणाली, "दादा, हे तर वहीत करतो तसंच आहे!" व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं गुण१ सारखं नाव, म्हणजे काय हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

हो, पायथन ३ ला व्हेरिएबलची देवनागरी नावं चालतात. ती जरूर वापरू द्या, मुलं लगेच मोकळी होतात. मात्र कोडमध्ये थेट ३८ असा मराठी आकडा लिहिला तर एरर येते. तोच आकडा प्रोग्राम चालू असताना इनपुटमधून टाकला आणि मजकुराची संख्या करणाऱ्या इंटमधून काढला तर बिनबोभाट चालतो. हा फरक आधीच सांगून ठेवा.

पुढच्या शनिवारपासून टर्टल या पायथनच्या चित्रं काढायच्या साधनाने रांगोळ्या काढणार आहोत. त्यालाही नेट लागत नाही. एक नवीन मुलगा क्रोमबुक घेऊन येणार आहे. क्रोमबुकचं लिनक्स चालू करून कुणी थॉनी बसवलं असेल तर टर्टलची खिडकी नीट उघडते का, तेवढं कळवा.